सावली जूनमध्ये बघायची

ये गो बाय, जवळ ये. आधी तो फोन पालथा घाल. इंग्लंडात बसून जवळ कशी येऊ म्हणतेस? मनाने ये. हे कागद हातात पडले की खुर्ची खिडकीपाशी ओढ आणि अक्षरं जुळवत जुळवत का होईना, स्वतः वाच. तुझ्या बापाला फोन लावून "डॅडी, ट्रान्सलेट" म्हणायचं नाही. मराठी अक्षरं तुला मी दुखानच्या जुन्या घराच्या पायरीवर बसवून शिकवलीत, तांदळाच्या परातीत बोटाने काढून. ळ काढताना तुला हसू आवरायचं नाही.

मागच्या ईदला येणार होतीस, आली नाहीस. त्याच्या आधीच्या ईदला परीक्षा होती. बरं, मानलं. आणि आता आलं काय, तर फोनवर एक चित्र! इथल्या, आखातातल्या आमच्या अल गराफाच्या घराच्या अंगणाचं. तू तिकडे बागा आखायला शिकतेस ना, म्हणून दादीच्या अंगणाचाही नकाशा काढलास. मधोमध एक मोठं झाड, खाली बाक, आणि बाकावर लांब केसांची एक बाई पुस्तक वाचत बसलीय. ती कोण गो? आणि मी कुठे आहे त्या चित्रात? वर तुझा आवाज: "दादी, इट्स अ‍ॅन ओक. ओक इज फॉरएव्हर."

असेल बाई. पण फॉरएव्हर दादीच्या काय कामाचं? मला येत्या उन्हाळ्यात बसायला सावली पाहिजे.

इथे काय चाललंय ते तुला बापाने धड सांगितलेलं नसणार, तेव्हा मीच सांगते. या व्हिलाचा घरमालक पुढच्या अंगणात सगळीकडे त्या इंटरलॉक टाइल्स बसवतोय. माती दिसली की त्याला घर अर्धवट वाटतं. भला माणूस आहे, झाडाला नाही म्हणाला नाही. "एका झाडापुरतं भोक ठेवतो, कुठे ठेवायचं ते सांगा," म्हणाला. तुझ्या बापाने ताबडतोब फाटकाजवळचा कोपरा दाखवला. का, तर तिथे गाडी वळवायला अडत नाही. मी म्हटलं, थांब. झाड गाडीसाठी लावतोयस की माणसासाठी?

तो म्हणाला, "अम्मा, जूनमध्ये बाहेर बसतं कोण? आत एसी आहे."

एसीत माझी हाडं गारठतात हे त्याला कितीदा सांगायचं? दुखानला आम्ही ऊन कललं, असरची नमाज झाली की बाहेर पडायचो ते मगरिबपर्यंत, दिवेलागणीपर्यंत बाहेर. घामाघूम व्हायचो, पण माणसांत असायचो. अल गराफाला आल्यापासून मी काचेतून अंगण बघते. आता भोक चुकीच्या जागी पडलं, तर पुढची सगळी वर्षं काचेतूनच बघायचं. एवढीच गोष्ट आहे माझी. आणि झाडाची जागा चुकते कशी, हे तुझ्या या दादीइतकं कुणाला माहीत नाही. ऐक.

गाव सोडून दुखानला आम्ही गेलो तेव्हा तेलकंपनीच्या वसाहतीत आम्हाला घर मिळालं. जोडघर. अर्ध्यात आम्ही, अर्ध्यात सोलापूरकडचं एक कुटुंब. तो वेल्डर, आणि तुझे दादा, म्हणजे आमचे हे, कंपनीच्या वर्कशॉपमध्ये फिटर. पुढून दोन घरं वेगळी दिसायची, पण मागचं अंगण एकच. आमच्या स्वयंपाकघराची पायरी इकडे, तिची तिकडे, मध्ये नुसती रेती आणि दगड. स्वयंपाकघरात एसी नव्हता. भाकऱ्या भाजून झाल्या की जीव नको व्हायचा. मी यांना म्हटलं, "मला मागच्या पायरीवर सावली करून द्या, नाहीतर उद्यापासून मेसचं जेवा."

कंपनीच्या नर्सरीत रोपं मिळायची. कडुनिंब होता, बोर होती, तिला अरबी लोक सिद्र म्हणतात, आणि एक देशी बदाम होता. बदामाचं झाड आमच्या गावच्या मशिदीसमोर होतं, छत्रीवर छत्री ठेवल्यासारखं वाढायचं. मी तेच मागितलं. पण तिथली जमीन कशी, वर वीतभर रेती आणि खाली नुसता दगड. पहारीने एक खड्डा खणायला यांचे सुट्टीचे दोन शुक्रवार जाणार. एकदा खणला की दुसरा खणायचं नाव नको. म्हणून हे म्हणाले, "आधी झाड उभं करून बघू."

मी म्हटलं, "रोप हातभर आहे, उभं काय करणार?"

तर ही यांच्या घरची रीत. यांचे वडील रत्नागिरीच्या खाडीत मासेमारीच्या होडीवर तांडेल. जाळी शिवायला बसायचे तेव्हा किनाऱ्यावर एक डोलकाठी रोवून तिला जुनं शीड बांधायचे आणि त्याची सावली कुठे पडते बघून तिथे चटई टाकायचे. यांनी तेच केलं. वर्कशॉपमधला भंगारातला एक पाइप आणला, वर मच्छरदाणीच्या काठ्या आडव्या बांधल्या, आणि त्यावर माझी हिरव्या फुलांची चादर. माझी चांगली चादर, हो! झालं आमचं झाड. पाइप दोन्ही हातांनी धरून हे अंगणभर फिरताहेत आणि मी पायरीवर बसून ओरडतेय, "इकडे! अजून इकडे! आता गुडघ्यावर आली!"

तेवढ्यात शेजारीण दारात आली. पोटुशी होती तेव्हा, पाचवा-सहावा महिना असेल. पदर तोंडाला लावून म्हणाली, "भाभी, मांडव कुनाचा? आमाला पत्रिका न्हाई आली ती!"

मी म्हटलं, "झाडाचा आहे."

"झाडाचं लगीन? आन् नवरी कोन?"

हे चादरीखालून म्हणाले, "वहिनी, हसायला नंतर या, इथे माझे हात भरून आलेत."

ती काहीतरी अजून बोलणार होती, पण आत तिचं दूध उतू गेलं, तशी धावली. दुपार कलेपर्यंत आम्ही जागा पक्की केली. बरोब्बर असरला चादरीची सावली माझ्या पायरीवर आडवी पडली, पाय पसरून बसावं इतकी. यांनी पाइपच्या बुडाशी चुन्याने फुली मारली. दोन शुक्रवार खणलं, आणि बदाम लागला.

हे सगळं थंडीत चाललं होतं, हे लक्षात ठेव. इथे झाड थंडीतच लावतात, उन्हाळ्यात लावलं तर आठवड्यात करपतं. गावी आपण पावसात लावतो, ढग भरलेले असतात, सावली बघतो कोण? त्यामुळे या गोष्टीची आम्हाला अक्कलच नव्हती.

झाड झपाट्याने वाढलं. भांडी विसळलेलं पाणी, तांदूळ धुतलेलं पाणी, सगळं त्याला. पण गंमत बघ, उन्हाळ्यात आम्ही तिथे असायचोच नाही. शाळांना सुट्टी लागली की जूनला गावी, ते सप्टेंबरला परत. शेजारणीचं उलट. त्यांच्या गावची जत्रा माघात, म्हणून ते रजा थंडीत घ्यायचे आणि उन्हाळा दुखानला काढायचे. आणि दर सप्टेंबरला आम्ही परत आलो की आमच्या पायरीवर झाकून ठेवलेलं असायचं. एक बरणी शेंगदाण्याची चटणी आणि फडक्यात बांधलेल्या कडक भाकरी. मी म्हणायचे, सोलापूरकडची माणसं मोठ्या मनाची. मग मी गावाहून आणलेलं सुकट आणि कोकमं तिला द्यायचे. ती सुकटाचं नाक मुरडायची आणि ठेवून घ्यायची.

असं काही वर्षं चाललं. मग एका वर्षी कंपनीत मोठं दुरुस्तीचं काम निघालं आणि यांची रजा रद्द झाली. पहिल्यांदाच आम्ही जूनमध्ये दुखानला. मी म्हटलं, बरं झालं, निदान आपल्या झाडाखाली बसायला मिळेल. असर झाली, परात घेतली, तांदूळ घेतले, दार उघडलं आणि पायरीवर पाय ठेवला. आई गं! तव्यावर ठेवल्यासारखा चटका. माझी पायरी लख्ख उन्हात. आणि सावली कुठे, तर शेजारणीच्या पायरीवर, दाट, गार, छत्रीवर छत्री. ती मजेत स्टुलावर बसून गवारी मोडतेय. शेजारी दुसरं स्टूल मांडून ठेवलेलं.

"या भाभी," म्हणाली. "कवाधरनं वाट बघतीया. तुमच्याच सावलीत तुमालाच बोलवायला लागतंय, बगा."

मी म्हटलं, "आमच्या?"

"मग कुनाच्या? भाईजाननी त्या दिवशी उनात हुबं ऱ्हाऊन, चादर धरून, मोजून मापून माज्या दारात सावली पाडली. शेजारीन गरवार हाय, उनाळा हितंच काडती, म्हनून. मला काय कळत न्हाई व्हय? सख्ख्या दिरानं बी केलं नसतं. तोंडावर कसं बोलायचं, लाज वाटती. म्हनून चटनी ठिवत हुते."

मी परात मांडीवर घेतली आणि त्या दुसऱ्या स्टुलावर बसले. दुसरं करणार काय? ती मला गवारीचे दोर काढायला देत होती आणि मी ते तांदळात टाकत होते.

संध्याकाळी हे आले. मी मागे नेऊन दाखवलं. आधी झाडाकडे बघितलं, मग सूर्याकडे, मग तिच्या पायरीकडे. मग इतके हसले की हसत हसत आमच्या पायरीवर बसले, आणि तितक्याच घाईने उठले, पायरी अजून तापलेलीच होती. म्हणाले, "थंडीत सूर्य दक्षिणेला झुकलेला असतो, सावली इकडे पडते. उन्हाळ्यात तो डोक्यावरून जातो आणि मावळताना उत्तरेला कलतो, मग सावली तिकडे जाणार. माझ्या बापाला हे माहीत होतं. तो रोज डोलकाठी हलवायचा. मी येडा, झाड रोवून बसलो."

मी म्हटलं, "आता तिला काय सांगायचं?"

"काही नाही सांगायचं."

"अहो, ती बिचारी समजते की..."

"समजू दे. सांगून काय, एवढ्या वर्षांची चटणी परत करणार आहेस?"

नाही सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून माझं स्टूल कायमचं तिच्या पायरीवर. आणि खरं सांगू का बाय, सावली माझ्या पायरीवर पडली असती तर मी माझ्या पायरीवर बसले असते, ती तिच्या घरात, आणि आम्ही आपापल्या दारातून बोलणाऱ्या शेजारणी राहिलो असतो. त्या पायरीवर तिची दोन्ही पोरं रांगली. तुझा बाप तिथे दगडाने बदाम फोडायचा आणि बोटं चेचून घ्यायचा. तिने मला ज्वारीची भाकरी थापायला शिकवली, माझी शेवटपर्यंत फाटायची. "भाभी, ही भाकरी हाय की जाळं?" म्हणायची. मी तिला घावन शिकवलं, तिचं लगेच जमलं, त्याचा मला रागच आला होता. रमजानात ती माझ्यासमोर पाणी प्यायची नाही. मी म्हणायचे, "अगं पी, तुझा काय रोजा आहे?" तर म्हणायची, "हितं बसून न्हाई. आत जाऊन पिते." आणि आत जायचीच नाही, गप्पांत विसरायची.

तुलाही आठवत असेल. तू तिला चटणीवाली दादी म्हणायचीस. तुझी अक्षरं गिरवलीस ती तिच्याच पायरीवर. आम्ही दोघी दोन बाजूंना, एकीचा र वेगळा, एकीचा वेगळा, आणि तू मध्ये गोंधळलेली.

मग नोकऱ्या संपल्या. ते सोलापूरला गेले, आम्ही गावी. हे अल्लाघरी गेल्यावर तुझ्या बापाने मला इथे अल गराफाला आणलं. तिचा फोन अजून येतो. हालहवाल विचारायच्या आधी विचारते, "आपली सावली कशी हाय?" मी म्हणते, आहे. काय सांगणार? मी बघायला कुठे गेले होते?

शेवटी गेल्या थंडीत मी गेले. तुझ्या बापाला सुट्टी होती, मी हट्ट धरला, यल्ला, दुखानला चल. सगळा रस्ता तो म्हणत होता, "अम्मा, झाड नसलं तर रडायचं नाही." मागच्या गल्लीत गाडी थांबवली. झाड होतं. पानं लाल होऊन निम्मी गळलेली, पण खोड माझ्या दोन हातांत मावणार नाही एवढं. दोन्ही घरं बंद, कुलपं. आणि असरची वेळ. थंडी होती ना, म्हणून सावली कुठे पडली होती सांग? आमच्या पायरीवर. जिथे यांनी मोजली होती, अगदी तिथे. बसायला कुणी नाही. मी गाडीची काच खाली करून बघत राहिले. तुझ्या बापाने एसी तेवढा बंद केला.

तर आता तुझ्या ओककडे येऊ.

मागच्या शुक्रवारी तुझ्या बापाबरोबर नर्सरीत गेले. नाही म्हणायचं ठरवूनच गेले होते, खोटं कशाला बोलू? तुझ्या चित्रातलं ओकचं पान ते फाटक्या झालरीसारखं, मला म्हटलं हे काय आपल्या उन्हात टिकतंय? तुझा बाप दमसकडे बोट दाखवत होता. दमस म्हणजे ते हिरवं झाड जे इथे प्रत्येक भिंतीशी दिसतं. वर्षात भिंतीवर जातं खरं, पण मुळं पाण्याच्या पाइपात शिरतात. समोरच्या व्हिलावाल्याने त्यापायी अर्धं अंगण उकरलं. मी म्हटलं खलास, ते नको. बोर घ्यावी तर काटे, आणि घरमालकाची नातवंडं अनवाणी खेळतात. बदाम घेतला असता, पण बदाम बघितला की मला दुसऱ्याच पायरीची आठवण येते. एका आयुष्यात एक बदाम पुरे.

नर्सरीवाला केरळचा. त्याला विचारलं, ओक आहे का? त्याने मागून एक कुंडी ओढत आणली. "अम्मा, ये बाहर से आया है. धीरे बढ़ेगा, पहले दो गर्मी संभालना पड़ेगा." बघते तर पान झालरीचं नाहीच! लहान, जाड, वरून चकचकीत, कडक. म्हणाला, ओकच्या पुष्कळ जाती असतात, ही बारा महिने हिरवी राहणारी. मी पान बोटांत धरलं, उलटं केलं. बाय, डोळे मिटले असते तर म्हटलं असतं, करवंदीचं पान आहे. आमच्या गावच्या कातळावर, जिथे गवतसुद्धा सुकतं, तिथे करवंद हिरवीगार उभी असते. मी तुझ्या बापाला म्हटलं, "हे चालेल."

तो म्हणाला, "अम्मा, याची सावली पडेपर्यंत तुझ्या नातीची नातवंडं कॉलेजात जातील."

"जाऊ देत. तोवर मी चादरीखाली बसेन. पाइप आहे, चादर आहे, शेजारी तिचा ओक वाढतोय. माझं काय अडलं?"

तो हसला. अगदी यांच्यासारखा हसतो कधी कधी. मग म्हणाला, "बरं. ओक. मग भोक कुठे ठेवायचं ते आज सांग, घरमालक विचारतोय."

आणि इथेच मी अडले. आज कसं सांगू? आज थंडी आहे. आज चादर धरून जागा ठरवली, तर जूनमध्ये सावली जाईल पलीकडच्या भिंतीवर, आणि पलीकडे सोलापूरकरीण राहत नाही. मी सांगितलं, "सावली जूनमध्ये बघायची, झाड नोव्हेंबरमध्ये लावायचं. तोवर अंगण उघडं ठेव."

तो म्हणाला, "अम्मा, त्याचं अ‍ॅप असतं. सूर्य कधी कुठे असतो, सगळं दाखवतं." दाखवलंही त्याने, पिवळी रेघ घरावरून जाते. छान आहे. पण त्या अ‍ॅपला आमच्या शेजारच्या गच्चीवरची पाण्याची टाकी माहीत नाही, आणि मी पाय पसरून बसते की दुमडून तेही माहीत नाही.

बराच वेळ वाद झाला. शेवटी म्हणाला, "ठीक आहे. पण जूनच्या उन्हात या वयात तू पाइप धरून अंगणात फिरणार नाहीस. मी असरला ऑफिसात असतो. जिने ओकचं चित्र काढलं तिला सांग. ती जूनमध्ये आली आणि तिने पाइप धरला, तर घरमालकाला सांगून टाइल्स उन्हाळ्यानंतर. नाही आली, तर आधीच फाटकाजवळ भोक पाडून मोकळे होऊ."

तर बाय, माझी पायरी आता तुझ्या हातात आहे. जून म्हणजे इथून सगळे पळतात तो महिना. विमानं भरभरून जातात, गल्ल्या ओस पडतात. अशा वेळी उलट इकडे ये म्हणणारी मीच एक येडी. पण तू येशील तेव्हा मी पायरीवर बसून ओरडेन, "इकडे! अजून इकडे!" आणि तू चादरीखालून इंग्रजीत मला शिव्या दे, मला कळणार नाहीत. जी जागा सापडेल तिथे चुन्याने फुली तूच मार. तुझ्या चित्रात ती मधोमध आली नाही तर रुसायचं नाही. आणि त्या लांब केसांच्या बाईला पुसून तिथे मला काढ, परात घेऊन.

सोलापूरलाही फोन केला होता. ती म्हणाली, "भाभी, ह्या टायमाला सावली कुनाच्या दारात पाडायची ते आधी इच्यारून घ्या." इतकी वर्षं तिला सगळं माहीत होतं की काय, देव जाणे. मी विचारलं नाही. बरणी मात्र पाठवणार आहे, तिच्या ओळखीचं कुणी इकडे येतंय. तुझ्यासाठी म्हणून पाठवतेय, मला नाही.

तेव्हा सुट्टी आत्ताच मागून ठेव, तिकीट काढ आणि मला कळव. जूनमध्ये ये गो. इन्शाल्ला-बिन्शाल्ला मी म्हणेन, तू नुसतं "येते" म्हण, आणि ये.